दुखरे सांधे आणि अध्ययनाचा धर्म

दीर्घकाळ टिकणारी सांधेदुखी म्हणजे म्हातारपणाचे दुखणे, हा समज अर्धाच खरा आहे. झिजेने होणारा संधिवात बहुधा उतारवयात गाठतो. पण रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तेव्हाचे आजार पुष्कळदा तरुणपणीच डोके वर काढतात. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस बहुतेकांना विशी-तिशीत जडतो. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे बोलीतला आमवात, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना दोन ते तीन पट अधिक होतो. बालवयात सुरू झालेला संधिवात कित्येकदा विद्यापीठापर्यंत सोबत येतो. अशा माणसापुढचा प्रश्न वैद्यकाचा तर आहेच, शिवाय तो धर्माचाही आहे. ज्याच्या शरीराची कुवत दिवसागणिक बदलते, त्याचे कर्तव्य किती? सोसण्याची हद्द कुठे संपते आणि देहाचा छळ कुठे सुरू होतो? थांबणे हा विवेक केव्हा आणि पळवाट केव्हा? या प्रश्नांवर भारतीय दर्शनांनी, वैद्यकाच्या संहितांनी आणि ग्रीक-रोमन विचारवंतांनी बरेच काही म्हणून ठेवले आहे. त्यांतली काही उत्तरे आज चालत नाहीत. सर्वांत उपयोगी उत्तर मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडते, यज्ञाच्या नियमांची चिकित्सा करणाऱ्या पूर्वमीमांसेत.

प्रश्न नेमका पाहायचा तर अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष समोर ठेवावे. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून तिकडे जाणाऱ्या मराठी मुलामुलींना ते चांगले परिचयाचे असते. असिस्टंटशिपचा स्टायपेंड पुष्कळ विभागांत नऊ महिन्यांचाच असतो. ऑगस्टच्या अखेरीपासून मेपर्यंत शिकवणे, पेपर तपासणे, स्वतःचे कोर्स आणि संशोधन. त्यानंतरच्या तीन महिन्यांचे भाडे ज्याने त्याने उभे करायचे. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते, सुट्टीत पूर्णवेळ. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला वेगळी परवानगी लागते. त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी ही नावापुरती सुट्टी. निरोगी विद्यार्थीही तिच्यात थकतो. सांधे दुखणाऱ्याला त्या तीन महिन्यांकडून दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात: वर्षभर ताणलेल्या शरीराला विसावा आणि पुढच्या वर्षाची बेगमी. दोन्ही क्वचितच मिळतात.

त्यात दाहजन्य संधिवाताचे वेळापत्रक उलटे असते. रात्रभर निजून माणूस ताजातवाना व्हावा, तर इथे पहाट हीच सर्वांत वाईट वेळ. बोटे, मनगटे, कंबर आखडलेली असतात आणि मोकळी व्हायला तास-दीड तास लागू शकतो. दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-६ सारख्या द्रव्यांची पातळी रात्रीच्या उत्तरार्धात चढते, हे त्याचे एक कारण. स्पाँडिलायटिसमध्ये तर पडून राहिल्याने दुखणे वाढते आणि हालचालीने उतरते. झिजेच्या संधिवातात बहुधा याच्या उलट. म्हणजे ‘जरा आराम कर’ हा सल्लाही सरसकट देता येत नाही. मेथोट्रेक्झेट हे प्रमुख औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. दुसऱ्या दिवशी अनेकांना मळमळ आणि ग्लानी येते, म्हणून बरेच रुग्ण ते शुक्रवारी किंवा शनिवारी रात्री घेतात, आणि सुट्टीचा वार औषधाच्या खाती जातो. अमेरिकेत १९९८ पासून उपलब्ध झालेल्या जैविक औषधांनी कित्येकांचे आयुष्य पालटले. पण ही इंजेक्शने महाग असतात, फ्रिजमध्ये जपावी लागतात, आणि इंटर्नशिपसाठी तीन महिने दुसऱ्या गावी जायचे तर औषध, विमा आणि डॉक्टर या तिन्हींची जुळणी पुन्हा करावी लागते. शिवाय दुखणे एकसारखे नसते. आठवडेच्या आठवडे बरे जातात, मग एकाएकी उसळी येते. पूर्ण आरोग्य आणि कायमचे अपंगत्व, या दोन्ही साच्यांत हा माणूस बसत नाही.

परंपरेने रंगवलेला विद्यार्थी मात्र धडधाकट आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात, आठव्या अध्यायात, वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा अध्ययनविधी दिला आहे. त्याने पहाटे उठावे, आन्हिक उरकावे, सपाट व स्वच्छ जागी सुखाने बसावे, मन लावून सूत्रे पुन्हापुन्हा म्हणावी; दुपारी आणि रात्रीही तोच क्रम. हा विद्यार्थी निरोगी आहे, हे तिथे आरंभीच सांगून टाकले आहे. ज्या ग्रंथाचा सारा विषयच रोग, त्याच्या अध्ययनविधीतही रोगी विद्यार्थ्याला जागा नसावी, हे लक्षणीय आहे. सुखाची इच्छा असेल त्याने विद्येचा नाद सोडावा, अशा अर्थाचे संस्कृत सुभाषित आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पाठ करून घेतले गेले. त्यातले सुख म्हणजे चैन. सकाळी पेन धरता येणे हे त्या सुखात मोडत नाही, एवढा खुलासा कोणी केला नाही. पतंजली अधिक वास्तवाला धरून आहेत. योगसूत्रांत चित्त विचलित करणारे नऊ अडथळे सांगितले आहेत आणि त्यांत पहिला क्रमांक व्याधीचा आहे, संशय आणि आळस त्यानंतर येतात. आसनही स्थिर तसेच सुखाचे असावे, अशी त्यांची अट आहे. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’त शरीर हे धर्माचे पहिले साधन असल्याचे बजावले जाते. ते वाक्य आरोग्याच्या प्रत्येक फलकावर दिसते. पण काव्यात ते बटूचे रूप घेतलेला शंकर तपात बुडालेल्या पार्वतीची परीक्षा पाहताना बोलतो, आणि पार्वती काही तप सोडत नाही. आपल्या परंपरेचे मन या बाबतीत दोलायमान आहे, याचा याहून चांगला दाखला शोधूनही मिळणार नाही.

सोसण्याचा उपदेश सर्वांत आधी पुढे येतो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण, सुख-दुःख हे येणारे-जाणारे अनुभव मानले आहेत आणि ते सहन करण्यास अर्जुनाला सांगितले आहे. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तितिक्षेची, म्हणजे सहनशीलतेची, जी व्याख्या आहे तिच्यात दुःखावर उपाय न करणे हेही येते: चिंता नाही, विलाप नाही आणि प्रतिकारही नाही. मोक्षाच्या वाटेवरच्या संन्याशाला हे शोभते. संशोधक विद्यार्थ्याला ते लागू करणे घातक आहे, आणि त्याचे कारण शरीरशास्त्रात आहे. आमवाताकडे दुर्लक्ष केले तर दाह सांध्यातली कूर्चा आणि हाड खाऊ लागतो. झालेली हानी भरून येत नाही. आणि औषध लवकर सुरू करण्याला फार महत्त्व असते. जे दुःख येते आणि जाते ते सोसावे हे ठीक. हे दुःख जाताना सांधा घेऊन जाते.

गीता स्वतःही इतकी एकसुरी नाही. अठराव्या अध्यायात देहाला क्लेश होतील या भयाने कर्म सोडणे हा राजस त्याग ठरवला आहे, त्याचे फळ मिळत नाही. सतराव्या अध्यायात घोर तपाने देहाला पिळून काढणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. सहाव्यात आहार, विहार, झोप, जागरण सगळे माफक असावे असा आग्रह आहे. दोन्ही टोके गीतेने बंद केली. मधले माप काढण्याचे काम ज्याचे त्याच्यावर सोडले. निरोगी माणसाला ते सोपे जाते, कारण त्याचे कालचे माप आजही चालते.

ग्रीक-रोमन जगात हाच वाद दोन माणसांच्या रूपाने उभा आहे आणि त्यांतला एक सांधेदुखीचाच रुग्ण होता. सिसेरोने ‘टस्क्युलन संवादां’त सांगितलेली ही हकिकत. ऱ्होड्स बेटावर पोसिडोनियस या स्टोइक तत्त्वज्ञाला भेटायला सेनापती पॉम्पी आला. पोसिडोनियसचे सांधे विलक्षण दुखत होते. तरी त्याने अंथरुणावरूनच व्याख्यान दिले, विषय असा की सदाचरणाखेरीज कशालाही खरे हित म्हणता येत नाही. कळ आली की तो वेदनेलाच बजावी: तुला काय छळायचे ते छळ, तुला अनिष्ट मी म्हणणार नाही. दुसरा माणूस हेराक्लियाचा डायोनिसियस. तो स्टोइक पंथाच्या संस्थापकाचा, झेनोचा, शिष्य. मूत्रपिंडाच्या वेदनेने तो ओरडू लागला आणि म्हणाला की इतकी वर्षे तत्त्वज्ञान शिकूनही जर हे सोसवत नसेल तर वेदना अनिष्टच असली पाहिजे. पंथाने त्याला पाठ फिरवणारा ठरवले. परंपरेने पोसिडोनियसला डोक्यावर घेतले ते समजण्यासारखे आहे, पण त्याची सोयही पाहिली पाहिजे. तो सिद्ध आचार्य होता. रोमचा सेनापती त्याच्या खाटेपाशी आला होता. त्याला सकाळी आठच्या वर्गासाठी बर्फातून चालत जायचे नव्हते. डायोनिसियसने पंथाची अब्रू राखली नाही, पण पुरावा खरा दिला. एपिक्युरसचे म्हणणे असे होते की तीव्र वेदना थोडा काळ टिकते आणि दीर्घ आजारात दुःखापेक्षा सुखच अधिक उरते. उतार पडलेल्या महिन्यांपुरते ते खरे असेल. उसळीच्या आठवड्यात ते कोणी रुग्णाला ऐकवू नये.

वेदनेला तप मानणे हा दुसरा मार्ग. बृहदारण्यक उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात एक छोटेसे, काहीसे चकित करणारे ब्राह्मण, म्हणजे उपविभाग, आहे: आजारी माणसाला जो ताप होतो तेच परम तप, आणि जो असे जाणतो तो परम लोक जिंकतो. शोधून आणलेल्या कष्टाला नव्हे, वाट्याला आलेल्या आजाराला इथे तपाचा दर्जा मिळतो. जैन आचार्यांनी याच ठिकाणी अधिक काटेकोर भेद केला. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात मुनीने सोसायचे बावीस परीषह दिले आहेत, त्यांत रोग आहे. आणि बाह्य तपाच्या सहा प्रकारांत कायक्लेश आहे. पूज्यपादांच्या ‘सर्वार्थसिद्धी’ टीकेत दोहोंतला फरक स्पष्ट होतो: आपोआप येऊन कोसळतो तो परीषह, स्वतः ओढवून घेतला तो कायक्लेश. दुखऱ्या मनगटाने रात्रभर पिपेट चालवणारा विद्यार्थी या दोहोंची गल्लत करतो. आजार हा त्याचा परीषह. डेडलाइनसाठी औषधाची वेळ चुकवणे, झोप मोडणे, दुखणे लपवणे हा कायक्लेश. आणि तोही व्रताशिवायचा, ज्यात निर्जरा, म्हणजे कर्मक्षय, नाही की डिग्री लवकर मिळण्याची हमी नाही. संशोधनाच्या जगात हालअपेष्टांना जी प्रतिष्ठा आहे ती ही गल्लत पोसते.

मग दोषाचा प्रश्न येतो. हे मलाच का? कर्मविपाक हे तयार उत्तर असते, आणि त्याच्या जोडीला नातेवाइकांची छोटी छोटी उत्तरे: आंबट खाल्लेस, पंख्याखाली झोपलीस, परदेशातली थंडी बाधली. चरकाने प्रज्ञापराध, म्हणजे बुद्धी-धृती-स्मृती ढळून केलेले वर्तन, हे रोगांचे मोठे कारण मानले. पण त्याच चरकसंहितेत दैव आणि पुरुषकार यांच्या बळाबळाचा विचार आहे, सगळा भार एकावर टाकलेला नाही. या बाबतीत सर्वांत स्वच्छ भूमिका बुद्धाची दिसते. संयुत्त निकाय या बौद्ध ग्रंथसंग्रहात सीवक नावाचा परिव्राजक त्याला विचारतो: माणूस जे काही सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्याचे काय? बुद्ध ते मान्य करत नाही. पित्त, कफ, वात, तिघांचा संनिपात, ऋतुबदल, वागण्यातली हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि शेवटी कर्मविपाक, अशी आठ कारणे तो मोजतो आणि सरसकट पूर्वकर्म म्हणणारे अनुभवाच्या व लोकसंमत सत्याच्या पलीकडे जातात असे सांगतो. कर्म नाकारलेले नाही. त्याला आठांतले एक केले आहे. स्पाँडिलायटिसशी निगडित असलेले एचएलए-बी२७ हे जनुक अंगी असणाऱ्या बहुतेकांना तो आजार होतच नाही, ही आजची माहिती या यादीच्या वृत्तीशी जुळते: कारण एक नसते, आणि दोषी शोधून हाती काही लागत नाही.

त्याच निकायात दोन बाणांचा प्रसिद्ध दृष्टान्त आहे. अज्ञ माणसाला देहाच्या वेदनेचा एक बाण लागतो आणि शोकाचा दुसरा. ज्ञानी माणसाला पहिलाच लागतो. विद्यार्थ्याच्या जगात दुसरा बाण ओळखीचा आहे: बरोबरीच्या मुलांचे प्रसिद्ध झालेले पेपर, वाया गेलेल्या उन्हाळ्याची बोचणी, गाईडला काय वाटत असेल याची धास्ती. दृष्टान्त उपयोगी आहे, पण अलीकडे तो वाईट रीतीने वापरला जातो. दुःख तुझ्या मनात आहे, असे सांगणाऱ्याने पहिला बाणही मनातच ढकललेला असतो. मूळ सुत्तात पहिला बाण खराच आहे आणि तो ज्ञान्यालाही लागतो.

तो बाण दुसऱ्याला दिसत नाही, ही या आजारातली खरी मेख. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, मते सुखदुःख हे आत्म्याचे गुण असून ज्याचे त्याला मनाने प्रत्यक्ष होतात. दुसऱ्याचे दुःख चेहऱ्यावरून, हालचालींवरून अनुमानाने किंवा त्याच्या शब्दाने कळायचे. सुजलेले बोट अनुमानाला आधार देते. पण सूज नसतानाही सांधा दुखतो, एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ येऊ शकतो, आणि औषधाने दाह उतरल्यावरही थकवा राहतो. मग उरतो शब्द. चरकाने विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रोग जाणण्याची साधने सांगताना वैद्याने काय पाहून, काय स्पर्शून आणि काय तर्काने ओळखावे याची यादी दिली, आणि रोग्याची सुखदुःखे मात्र त्याला विचारूनच समजतात असे नमूद केले. वेदनेच्या बाबतीत रुग्णाचा शब्द हे दुय्यम साधन राहत नाही, तिथे तेच एक साधन आहे. इलेन स्कॅरी यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बॉडी इन पेन’ या पुस्तकात हीच अडचण दुसऱ्या टोकाने मांडली: ज्याला वेदना आहे त्याच्यासाठी तिच्याइतके निश्चित काही नसते, आणि ऐकणाऱ्यासाठी तिच्याइतके संशयास्पद काही नसते.

संस्थांना शब्द पुरत नाही, त्यांना कागद लागतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात २१ प्रकारचे अपंगत्व नोंदले आहे आणि मुख्य सवलती किमान ४० टक्के अपंगत्वाच्या प्रमाणपत्राला बांधल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला कमाल सहा वर्षे, पुनर्नोंदणीने आणखी दोन, आणि स्त्रियांना तसेच ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. सोमवारी जिना न चढू शकणारा आणि गुरुवारी सहज चढणारा विद्यार्थी यात किती टक्के? अमेरिकेच्या १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यात २००८ साली जी सुधारणा झाली तिने या प्रश्नाला निदान हात घातला: अधूनमधून उसळणारा किंवा शमलेला आजारही, तो सक्रिय असताना जीवनातल्या मुख्य क्रियांना मोठी आडकाठी करत असेल तर, अपंगत्वच मानायचा. तत्त्व म्हणून हे अधिक बरोबर आहे. सुसान वेंडेल या कॅनडातल्या तत्त्वज्ञ स्वतः दीर्घ आजाराच्या अनुभवातून लिहितात. अपंगत्वाच्या चळवळीनेही आजारी अपंगांना बराच काळ नीट सामावून घेतले नाही, कारण ‘आम्ही आजारी नाही, फक्त वेगळे आहोत’ हे तिचे म्हणणे त्यांना लागू पडत नव्हते, हे त्यांनी दाखवून दिले.

आता आरंभी उल्लेखलेली पूर्वमीमांसा. जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय अधिकाराचा, म्हणजे कोणते कर्म करण्यास कोण पात्र याचा आहे. त्याच्या तिसऱ्या पादाच्या आरंभी प्रश्न येतो: अग्निहोत्रासारखे जन्मभर करायचे नित्य कर्म, त्याची सारी अंगे पार पाडण्याची ताकद असेल त्यानेच करावे काय? पूर्वपक्ष म्हणतो, होय. विधी सांग, म्हणजे सर्व अंगांसहच्या, कर्माचा आहे, तुकड्याचा नाही. सिद्धान्त वेगळा आहे. नित्य कर्म जगण्याशी जोडलेले आहे. जिवंत असेपर्यंत ते करायचे, आणि माणसाची शक्ती जन्मभर एकसारखी राहत नाही हे उघड आहे. म्हणून मुख्य कर्म सोडू नये, अंगे जमतील तेवढी करावी. त्याने कर्म उणे ठरत नाही. काम्य कर्माचे तसे नाही. एखादे फळ हवे म्हणून हाती घेतलेला याग सर्व अंगांसहच व्हायला हवा, कारण फळ सांग कर्मालाच सांगितले आहे. ती ताकद नसेल तर तो याग सुरूच करू नये. न करण्यात दोषही नाही.

हा भेद कर्मकांडाच्या बाहेर काढून पाहावा इतका मोलाचा आहे. आजारी विद्यार्थ्याची निम्मी घालमेल नित्य आणि काम्य यांची सरमिसळ झाल्याने होते. वाचणे, विचार करणे, लिहिणे, विषयाशी रोजचा संबंध ठेवणे हे त्याचे नित्य. ते पंधरा मिनिटांचे झाले तरी चालते, पडून केले तरी चालते, बोलून टंकलेखन करणाऱ्या संगणकाला सांगून केले तरी चालते. ठरावीक तारखेची परिषद, उन्हाळ्यातली नामांकित इंटर्नशिप, एक जादा कोर्स, बायोडेटा फुगवणारा आणखी एक प्रकल्प हे काम्य. ते अर्धे करून निम्मे फळ मिळत नाही. तिथे शक्तीचा हिशेब आरंभ करण्याआधी मांडायचा असतो. निरोगी माणूस नेमके उलटे करतो: काम्याची रास उचलतो आणि नित्याला सवड मिळेल तेव्हा पाहू म्हणतो. त्याचे निभते.

शक्तीचा हिशेब कसा मांडायचा, याचे एक आधुनिक रूप आजारी लोकांनीच घडवले आहे. ल्युपस हा दीर्घ आजार असलेल्या क्रिस्टीन मिझेरँडिनो यांनी २००३ च्या सुमारास लिहिलेल्या एका लेखात दिवसाची शक्ती मूठभर चमच्यांच्या रूपाने मांडली: अंघोळीला एक चमचा, स्वयंपाकाला एक, आणि संपले की संपले. इंग्रजी बोलणारे दीर्घ आजाराचे कित्येक रुग्ण आज स्वतःची ओळख या चमच्यांवरून सांगतात. कल्पना छान आहे, पण ती फक्त खर्च मोजते. कोणता खर्च टाळता येत नाही आणि कोणता आपण हौसेने ओढवून घेतला, हे ती सांगत नाही. ते काम मीमांसेचा भेद करतो.

अर्थात पीएचडी स्वतः नित्य की काम्य, यावर वाद घालता येईल. पदवीची इच्छा धरूनच प्रवेश घेतला जातो, तेव्हा ती काम्य. आणि मीमांसकांचा एक कडक नियम असा की काम्य कर्मही एकदा सुरू केले की अर्ध्यावर टाकता येत नाही, मग इच्छा उरली नसली तरी. हा नियम सहाव्या अध्यायातच आहे आणि पाचव्या वर्षातल्या विद्यार्थ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. त्याला इथे जसाच्या तसा लावू नये, असेच मत द्यावेसे वाटते. शिक्षण सोडणाऱ्या आजारी माणसाला प्रत्यवाय, म्हणजे कर्तव्य चुकल्याचा दोष, लागत नाही. पण सोडण्याचा निर्णय उसळीच्या आठवड्यात घेऊ नये, इतका अर्थ त्या नियमातून काढता येतो.

जैमिनीच्या त्याच तिसऱ्या पादात पुढे प्रतिनिधीचा, म्हणजे बदलीचा, विचार आहे. व्रीही, म्हणजे शेतातला भात, मिळाले नाहीत तर नीवार, म्हणजे रानभात, चालतात. द्रव्याला पर्याय चालतो. देवता, अग्नी, मंत्र आणि स्वतः क्रिया यांना पर्याय चालत नाही, आणि यज्ञ करवणाऱ्या यजमानालाही नाही, कारण फळ त्याचे आहे. संशोधनातही असेच वर्गीकरण होऊ शकते. हाताने लिहिण्याऐवजी बोलून लिहिणे, उभ्याने करायचा प्रयोग उंच स्टुलावर बसून करणे, जड पेट्या दुसऱ्याने उचलणे, सकाळची मीटिंग दुपारी नेणे हे द्रव्याचे बदल आहेत. त्यांना मागताना ओशाळण्याचे कारण नाही आणि देताना उपकाराचा आव आणण्याचेही नाही. प्रबंधातला विचार मात्र दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

सामूहिक कर्मात नियम सैल होतो. सत्र या दीर्घ यागात सतरा किंवा अधिक यजमान एकत्र बसतात आणि स्वतःच ऋत्विजांचे, म्हणजे पुरोहितांचे, काम करतात. त्यांतला एखादा मध्येच निकामी झाला तर दुसरा माणूस आणून संख्या पुरी करावी, सत्र बिघडू देऊ नये, असा निर्णय आहे. आणि आणलेला माणूस हा कामापुरता असतो, त्याने मूळ यजमानाची जागा बळकावू नये. प्रयोगशाळेतल्या गटांनी, सहलेखकांच्या क्रमावरून चालणारी भांडणे ध्यानात घेता, हा निर्णय भिंतीवर लावण्यासारखा आहे. काम सोपवण्यात कमीपणा नाही याचे उदाहरण बुद्धाच्या चरित्रातही आहे. कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश केल्यावर त्याने आनंद या शिष्याला पुढे बोलायला सांगितले, कारण पाठ दुखत होती आणि ती टेकायची होती. मज्झिम निकायात हे सरळ नोंदले आहे. पावा येथे मल्लांच्या सभागृहात सारिपुत्ताला असेच सांगितल्याचे दीघ निकायात येते. ग्रंथकारांना ते लपवावेसे वाटले नाही.

उरतो उन्हाळ्याचा पगार. इथे विद्यार्थ्याची दुहेरी भूमिका आड येते. स्वतःच्या संशोधनात तो यजमान आहे. असिस्टंटशिपच्या शिकवणीत आणि उन्हाळ्यातल्या नोकरीत तो दक्षिणा घेऊन नेमलेला ऋत्विज आहे. मीमांसेत कर्माचे फळ यजमानाला मिळते, ऋत्विजाला त्याची ठरलेली दक्षिणा. आणि ज्यांना पर्याय नाही अशांच्या यादीत ऋत्विज येत नाही. नेमलेल्या कामाला नित्य कर्मासारखी ‘जमेल तेवढे’ ही मुभा नाही, कारण घेणाऱ्याला ते पूर्ण हवे असते. पण ते कमी तासांचे मागता येते, नाकारता येते, दुसऱ्याकडे जाऊ देता येते, आणि त्यात धर्महानी कसलीच नाही. अडचण फक्त भाड्याची असते, आणि ती विभागाने नऊ महिन्यांचा स्टायपेंड बारा महिन्यांचा केल्यास सुटते. कित्येक विभागांनी तो केला आहे. जिथे केलेला नाही, तिथे आजारी विद्यार्थ्याच्या तितिक्षेची चर्चा करण्याआधी यजमान कोण आणि दक्षिणा कोणी द्यायची, हे विचारले पाहिजे.